बगळ्यांचीं पिलें आणि लोकमत : वन्यजीवरक्षणाच्या जाहिरातींतील चित्रांचा विचार

१

भवभूतीच्या उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकांत चित्रदर्शनाचा प्रसंग आहे. लक्ष्मण चित्रें दाखवीत असतां शूर्पणखेचें चित्र पाहून सीता भयभीत होते, आणि हें केवळ चित्र आहे असें रामास तिला सांगावें लागतें. शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत दुष्यंत आपणच काढलेल्या चित्रांतील भ्रमरास दटावतो, व विदूषक त्यास भानावर आणतो. चित्र हें चित्र आहे हें ठाऊक असूनहि तें पाहणाराचें मन हलवितें, ही गोष्ट आपल्या कवींनीं फार पूर्वीं ओळखली होती. श्रीशंकुकानें तर रसाची उपपत्ति सांगतांना चित्रतुरगाचाच दृष्टांत घेतला. चित्रांतला घोडा पाहतांना जें ज्ञान होतें तें सत्य, मिथ्या, संशय व सादृश्य या चारहि प्रतीतींहून निराळें असतें, असें त्याचें म्हणणें मम्मटानें काव्यप्रकाशांत नोंदून ठेविलें आहे.

हा विचार रंगभूमीपुरता राहत नाहीं. गेल्या सव्वाशे वर्षांत पशुपक्ष्यांच्या व अरण्यांच्या रक्षणासाठीं निरनिराळ्या देशांत ज्या चळवळी झाल्या, त्यांनीं चित्रांवर मोठी भिस्त ठेविली. रस्त्यांतून मिरविलेले फलक, वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावरील छायाचित्रें, संस्थांचीं बोधचिन्हें, दूरचित्रवाणीवरील जाहिराती यांनीं लोकांच्या डोळ्यांत पाणी आणिलें, खिशांतून पैसे काढविले आणि क्वचित् कायदेहि करविले, असें सांगण्यांत येतें. हें सांगणें कितपत खरें आहे, व जेथें खरें आहे तेथें तें कोणत्या वाटेनें घडलें, याचा शोध प्रस्तुत लेखांत घ्यावयाचें आम्हीं योजिलें आहे. इतिहासाच्या अभ्यासकास हा विषय परका वाटूं नये. कागद अस्सल कीं बनावट, आणि अस्सल असला तरी त्यांतील मजकूर खरा कीं खोटा, हे दोन प्रश्न आपण नेहमीं वेगळे ठेवितों. चित्राविषयींहि तेच दोन प्रश्न विचारिले पाहिजेत.

२

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोप व अमेरिका येथील स्त्रियांच्या टोप्यांवर पक्ष्यांचीं पिसें, पंख, किंबहुना पेंढा भरलेले सबंध पक्षी लावण्याची टूम निघाली. त्यांत अतिशय मोलाचीं पिसें बगळ्यांचीं. विणीच्या हंगामांत कांहीं जातींच्या बगळ्यांच्या पाठीवर शुभ्र, लांब व जाळीदार पिसांचा झुबका येतो. आपल्याकडे राजेरजवाड्यांच्या शिरोभूषणांत पिसांची कलगी शोभत असे, त्यामुळें अशा पिसांचें अप्रूप आपणांस नवें नाहीं. नवें होतें तें या व्यापाराचें प्रमाण. ‘एग्रेट’ या फ्रेंच नांवानें हीं पिसें विकलीं जात. इंग्रज व्यापारी त्यांस ‘ऑस्प्रे’ म्हणत. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांचा भाव वजनास सोन्याहून चढला होता, आणि लंडन हें त्यांच्या लिलावाचें मोठें केंद्र झालें होतें. हिंदुस्थानांतूनहि हा माल जात असे. हिंदुस्थान सरकारनें १९०२ सालीं पिसांच्या निर्यातीस बंदी केली, तरी चोरटा व्यापार पुढें चालूच राहिला.

या पिसांविषयींची मुख्य गोष्ट अशी कीं, तीं पक्ष्याच्या अंगावर भरांत असतात तीं नेमकीं वीण चालूं असतांना. त्याच वेळीं बगळे झाडांवर वसाहत करून एकत्र राहतात आणि पिलांच्या ओढीनें घरट्यापाशीं परत परत येतात. शिकाऱ्यास याहून सोयीचें दुसरें काय असणार? मोठे पक्षी मारून पाठीवरचीं पिसें उपटून घ्यावयाचीं व बाकीचें तेथेंच टाकावयाचें, हा क्रम असे. घरट्यांतील पिलें मागाहून उपासमारीनें मरत. म्हणजे टोपींतील एका झुबक्याची खरी किंमत दुकानाच्या पावतीवर कधींच येत नसे.

इंग्लंडांत १८८९ सालीं मँचेस्टरनजीक एमिली विल्यमसन या बाईंनीं पक्षिरक्षणासाठीं एक मंडळी स्थापन केली. पुढें तीच ‘सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स’ म्हणून वाढली, आणि १९०४ सालीं तिला राजसनद मिळाली. आरंभींचे तिचे सभासद मुख्यत्वेंकरून स्त्रियाच होत. या संस्थेच्या प्रचारास व्यापाऱ्यांचें उत्तर ठरलेलें असे. पिसें कृत्रिम आहेत, असें एकदां सांगावयाचें. तें टिकेना म्हणजे पक्ष्यांनीं आपण होऊन गाळलेलीं पिसें जमिनीवरून वेंचून आणिलीं आहेत, असें सांगावयाचें. टोपी घालणाऱ्या बाईस दलदलींतील तें झाड कधीं दिसणार नव्हतें. त्यामुळें हें उत्तर पुष्कळ वर्षें पचलें.

चित्रांचा उपयोग तेव्हांहि होत होता, पण निराळ्या प्रकारें. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकानें १८९२ सालीं पिसें ल्यालेल्या स्त्रीचें शिकारी पक्ष्याच्या रूपांत व्यंगचित्र काढिलें. प्रसिद्ध चित्रकार जी. एफ. वॉट्स यांनीं १८९८-९९ च्या सुमारास एक चित्र रंगविलें. त्यांत वेदीवर पक्ष्यांचीं पिसें पसरलेलीं आहेत आणि त्यांवर ओणवून एक देवदूत दोन्ही हातांनीं तोंड झांकून शोक करीत आहे. पहिलें चित्र उपहासाचें, दुसरें रूपकाचें. दोहोंतहि चित्रकाराचें मत दिसतें. मेलेला बगळा दिसत नाहीं. व्यापाऱ्याच्या बचावास त्यांपैकीं एकाहि चित्रानें धक्का लागण्यासारखा नव्हता.

३

तो धक्का ऑस्ट्रेलियांतून आला. ए. एच. ई. मॅटिंग्ली हे पक्षिनिरीक्षक १९०६ च्या सुमारास न्यू साउथ वेल्स प्रांतांत मथौरा गांवानजीकच्या दलदलींतील बगळ्यांची वसाहत पाहण्यास गेले होते. उंच झाडांवर चढून त्यांनीं घरट्यांचीं छायाचित्रें घेतलीं. पुढें ते परत गेले, तों पिसांच्या शिकाऱ्यांनीं आपलें काम उरकलेलें. मारून टाकलेले पक्षी आणि घरट्यांत चोंची वर करून आईबापांची वाट पाहणारीं पिलें, असें जें दृश्य त्यांस दिसलें तें त्यांनीं कांचेवर उतरून घेतलें. तीं छायाचित्रें १९०७ सालीं ‘एम्यू’ या पक्षिशास्त्रविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध झालीं. इंग्लंडांतील संस्थेनें तीं मिळवून त्यांचा प्रसार केला. १९११ च्या उन्हाळ्यांत लंडनच्या बाजारपेठेच्या रस्त्यांतून पाठीपोटावर फलक बांधलेले मजूर फिरविण्यांत आले. त्या फलकांवर बगळ्यांची हीच कथा चित्रांनीं क्रमाक्रमानें मांडिलेली होती. ज्या दुकानांत पिसांच्या टोप्या विकल्या जात त्याच दुकानांच्या दारावरून तीं चित्रें जात होतीं.

या चित्रमालेचें सामर्थ्य कशांत होतें? आमच्या मतें तिनें दोन कामें एकदम केलीं. पहिलें काम प्रमाणाचें. गाळलेलीं पिसें वेंचलीं जातात असें म्हणणाऱ्यास मेलेला पक्षी हें प्रत्यक्ष उत्तर होतें. दुसरें काम रसाचें. करुणाचा स्थायीभाव शोक. त्यास आलंबन हवें, उद्दीपन हवें. मेलेला बगळा हें आलंबन होय, पण त्या एका चित्रानें फार तर हळहळ वाटली असती. पारध सर्वांनींच पाहिलेली असते. शोक उद्दीपित झाला तो पिलांच्या उघड्या चोंचींनीं. चोंच उघडी आहे याचा अर्थ आशा अजून संपलेली नाहीं. पाहणारास मात्र ठाऊक आहे कीं, आतां कोणी येणार नाहीं. पिलाचें अज्ञान आणि पाहणाराचें ज्ञान यांमधल्या अंतरांत करुण उभा राहतो. चित्रें एकामागून एक मांडल्यामुळें हें ज्ञान पाहणारास आपोआप होत गेलें. त्यासाठीं व्याख्यान लागलें नाहीं.

येथें रामायणाच्या उपोद्घातांतील क्रौंचवधाची आठवण कोणासहि होईल. निषादानें पक्षी मारला हें तेथें दुःखाचें एकमेव कारण नाहीं. जोडी रममाण असतां त्यांतला नर मारला गेला, आणि मागें राहिलेली मादी आक्रोश करूं लागली, त्यामुळें मुनीचें हृदय द्रवलें. बगळ्याचें पीसहि विणीच्याच दिवसांतलें. मारण्याची जी वेळ शिकाऱ्यास सोयीची तीच पाहणारास असह्य. मॅटिंग्ली यांनीं ही योजना केली नव्हती. ती त्यांस घटनेनेंच आयती दिली. म्हणूनच प्रमाण आणि रस यांची तेथें फारकत झाली नाहीं.

तरीहि या प्रचाराची एक उणी बाजू सांगितली पाहिजे. चित्र दुकानाच्या दारांत फिरलें, म्हणून दोष दुकानांत शिरणाऱ्या स्त्रीच्या पदरीं पडला. व्हर्जिनिया वुल्फ या लेखिकेनें १९२० सालीं पिसांच्या विधेयकावर लिहितांना हीच गोष्ट पुढें मांडिली. पक्षी मारणारे पुरुष, त्यांवर नफा मिळविणारे पुरुष, आणि विधेयक रखडूं देणारे पुरुष. मग शिव्या तेवढ्या स्त्रियांनाच कां, असा तिचा सवाल होता. करुणेच्या चित्रांत मेलेला दिसतो, मारणारा बहुधा चौकटीबाहेर राहतो, आणि मोकळ्या राहिलेल्या त्या जागीं पाहणारा आपल्या आधींच्या समजुतींतला एखादा अपराधी आणून उभा करतो.

४

१९२१ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें पिसांच्या आयातीस बंदी करणारा कायदा केला. तेव्हां १९११ च्या फलकांमुळें १९२१ चा कायदा झाला असें म्हणावें काय? ‘यानंतर हें घडलें, म्हणून यामुळेंच हें घडलें,’ असें म्हणण्याचा मोह इतिहासांत पदोपदीं होतो. या दोन सालांमध्यें दहा वर्षें गेलीं, एक महायुद्ध झालें, स्त्रियांचा पोशाख बदलला, आणि विधेयकें अनेकदां आपटलीं. चित्रांनीं व्यापाऱ्यांचा बचाव खोटा पाडला व लोकमत तयार केलें, इतकें निःसंशय म्हणतां येतें. कायदा घडला तो त्या लोकमतास संस्थेच्या चिकाटीची जोड मिळाली म्हणून. शिवाय कायद्यानें आयात बंद केली. पिसें बाळगण्यास वा घालण्यास बंदी केली नाहीं.

पौर्वापर्याकडे दुर्लक्ष केलें तर कशी चूक होते याचें उत्तम उदाहरण अमेरिकेंतील यलोस्टोनचें आहे. १८७१ सालीं हेडन यांच्या सर्वेक्षणाबरोबर टॉमस मोरन हे चित्रकार व विल्यम हेन्री जॅक्सन हे छायाचित्रकार त्या प्रदेशांत गेले. १ मार्च १८७२ रोजीं यलोस्टोनचें राष्ट्रीय उद्यान करण्याच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांची सही झाली. मोरन यांनीं तेथील महादरीचें जें भव्य तैलचित्र काढिलें, तें काँग्रेसनें १०,००० डॉलर देऊन विकत घेतलें. यावरून तें तैलचित्र पाहून प्रतिनिधींनीं कायदा केला असें पुष्कळदां सांगतात. परंतु तें चित्र पुरें झालें तेंच मुळीं कायद्यावर सही झाल्यानंतर. प्रतिनिधींपुढें आलीं होतीं तीं जॅक्सन यांचीं छायाचित्रें व मोरन यांचीं जलरंगांतील लहान चित्रें. भव्य चित्रास श्रेय देणें मनास गोड लागतें. तारखा मात्र लहान चित्रांच्या बाजूच्या आहेत.

५

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही कला संस्थाबद्ध झाली. १९६१ सालीं ‘वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड’ स्थापन झाला. त्या वर्षाच्या ९ ऑक्टोबर रोजीं लंडनच्या ‘डेली मिरर’ पत्रानें पहिल्या पानावर आफ्रिकेंतील गेंड्याचें मोठें छायाचित्र छापून, मनुष्याच्या मूर्खपणामुळें व लोभामुळें हा प्राणी नष्ट होणार, असा आक्रोश केला, आणि वाचकांकडून देणग्यांचा ओघ सुरू झाला. गेंडा हा कांहीं सुकुमार प्राणी नव्हे; पण त्या चित्रांत मादीजवळ तिचें पिलूं होतें. बगळ्यांच्या चित्रमालेंतील बीज येथेंहि आहेच.

त्याच संस्थेचें बोधचिन्ह पांडाचें. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १९५८ पासून असलेली ‘चि-चि’ ही मादी तेव्हां लोकांची लाडकी होती. तिच्यावरून जेराल्ड वॉटरसन यांनीं रेखाटनें केलीं व सर पीटर स्कॉट यांनीं चिन्ह सिद्ध केलें. निवडीमागील विचार स्कॉट यांनीं मोकळेपणानें सांगितला आहे: प्राणी सुंदर असावा, संकटांत असावा, पुष्कळांस प्रिय असावा, आणि पांढऱ्याकाळ्या रंगाचा असल्यास छपाईचा खर्च वांचतो. करुणेच्या व्यवहारांत शाईचा हिशेब कसा येतो हें यावरून दिसतें. पांडाचें गोल तोंड व डोळ्यांभोंवतालचे काळे ठिपके यांमुळें तो पोटच्या बाळासारखा वाटतो. वात्सल्य जागें करण्यास त्यास कांहींच करावें लागत नाहीं.

सर्वच चित्रांनीं करुणाचा आश्रय केला असें मात्र नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटांत फ्रँकलिन नदीच्या खोऱ्यांत विजेसाठीं धरण बांधण्याचा बेत होता. पीटर डोम्ब्रोव्स्किस यांनीं १९७९ सालीं त्या नदीच्या एका वळणाचें प्रातःकाळीं धुक्यांत घेतलेलें छायाचित्र ५ मार्च १९८३ च्या सार्वत्रिक निवडणुकीपूर्वीं वर्तमानपत्रांत रंगीत पानभर छापण्यांत आलें, आणि याचा नाश करणाऱ्या पक्षास तुम्ही मत देऊं शकाल काय, अशा अर्थाचा प्रश्न मतदारांस विचारण्यांत आला. त्या चित्रांत रक्त नाहीं, मृत प्राणी नाहीं, मनुष्यहि नाहीं. खडक, पाणी व धुकें एवढेंच आहे. येथें रस अद्भुताकडून शांताकडे जातो. शोक आहे तो चित्राखालच्या प्रश्नांत. धरणास विरोध करणारा पक्ष निवडून आला, व १ जुलै १९८३ रोजीं तेथील उच्च न्यायालयानें चार विरुद्ध तीन अशा मतांनीं केंद्रसरकारच्या बाजूनें निकाल देऊन धरणाचें काम थांबविलें. निवडणुकींत इतर प्रश्नहि होते, हें आम्ही विसरत नाहीं. पण शेवटचा निकाल घटनेच्या कलमांवर लागला हें लक्षांत ठेवावें: चित्रानें प्रश्न दारापर्यंत आणिला, दार कायद्यानें उघडलें.

६

आपल्या देशांत व्याघ्रप्रकल्पास १ एप्रिल १९७३ रोजीं प्रारंभ झाला. त्यानंतर तीन तपांनीं, २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अंदाजांत देशांतील वाघांची संख्या १,४११ सांगितली गेली. २०१० च्या आरंभीं एका दूरध्वनि-कंपनीनें वन्यजीवरक्षणाच्या संस्थेसह जी जाहिरात-मोहीम चालविली तिनें हा आंकडा घरोघर पोंचविला. तिच्यांतील पात्र होतें वाघाचा एक बछडा. त्याची आई परतलेली नाहीं आणि तो तिची वाट पाहत आहे. मथौराच्या झाडावरील पिलूं आणि हा बछडा यांमध्यें शंभर वर्षांहून अधिक अंतर आहे. पण चित्राची रचना तीच, अपेक्षा तीच, अनुपस्थित माता तीच. भेद इतकाच कीं, मॅटिंग्ली यांच्या पिलाची आई खरोखरीच मेली होती; बछड्याची कथा कल्पिलेली होती. कल्पित असल्यानें ती खोटी ठरत नाहीं, कारण वाघांची चोरटी शिकार खरीच होती. परंतु आंकड्याविषयीं सावधगिरी हवी. त्यापूर्वींची सुमारें ३,६४२ ही संख्या पंजांच्या ठशांवरून काढलेली होती. १,४११ ही निराळ्या पद्धतीनें काढलेली. दोन पद्धतींचे आंकडे शेजारीं ठेवून वजाबाकी करणें हा शास्त्रीय व्यवहार नव्हे. २०२२ च्या गणनेंतील सरासरी अंदाज ३,६८२ आहे. त्याचेंहि श्रेय कोणत्याहि एका चित्रास देतां येणार नाहीं.

याहून कठीण उदाहरण पांढऱ्या अस्वलाचें आहे. कॅनडाच्या उत्तरेस सॉमरसेट बेटावर अस्थिपंजर झालेल्या एका अस्वलाचें चलच्चित्र डिसेंबर २०१७ मध्यें प्रसिद्ध होऊन जगभर पसरलें. ‘नॅशनल जिऑग्राफिक’नें त्यासोबत, हवामानबदलाचें रूप हें असें असतें, अशा अर्थाचा मजकूर घातला. परंतु तें विशिष्ट अस्वल कशामुळें क्षीण झालें होतें, रोगानें, जखमेनें कीं वार्धक्यानें, हें कोणासहि ठाऊक नव्हतें. आपण मर्यादा ओलांडली, अशी कबुली त्या मासिकानें २०१८ सालीं दिली. हें चित्र अस्सल होतें; समुद्रावरील बर्फ घटत आहे व त्यामुळें अस्वलांची जात संकटांत आहे हेंहि खरें आहे. खोटा होता तो या दोहोंस जोडणारा मजकूर. अस्सल कागदावर मागाहून कोणी शेरा मारावा तसा हा प्रकार झाला. याचा तोटा सत्याच्या बाजूचाच होतो, कारण हवामानबदल नाकारणाऱ्यांस आयतें बोट दाखविण्यास जागा मिळते. शंकुकाचा चित्रतुरग नाट्यगृहांत सत्यासत्याच्या पलीकडे राहूं शकतो; जाहिरातींत त्यास तशी मोकळीक नाहीं, कारण तेथें पाहणाराकडून पैसे व मत मागितलेलें असतें.

७

शेवटीं एका अशा प्राण्याविषयीं लिहावयाचें आहे कीं, ज्याचें चित्र कोणी मिरविलें नाहीं. आमच्या बालपणीं गांवाबाहेर मेलेलें ढोर टाकलें कीं घटकाभरांत आकाशांत गिधाडांच्या घिरट्या सुरू होत. आज तें दृश्य नाहीं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची हिंदुस्थानांतील संख्या शेंकडा ९९ हून अधिक घटली. गुरांस दिलें जाणारें डायक्लोफिनॅक हें वेदनाशामक औषध मेलेल्या गुरांच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत जातें व त्यांचीं मूत्रपिंडें निकामी करतें, हें कारण २००४ सालीं सिद्ध झालें, आणि २००६ सालीं पशुवैद्यकांत त्या औषधास बंदी झाली. हें सारें प्रयोगशाळेच्या पुराव्यानें झालें. कोणत्याहि पिलाच्या उघड्या चोंचीनें नाहीं. पुरावा मिळेपर्यंत बहुतेक पक्षी मरून गेले होते. त्या दहाबारा वर्षांत लाखों गिधाडें मेलीं आणि लोकांचे डोळे ओले झाले नाहींत, याचें कारण आमच्या मतें साहित्यशास्त्रांतच सांपडतें. आमच्या नाटकांतील स्मशानवर्णनांत गिधाड येतें तें बीभत्साचें अंग म्हणून. ज्यास पाहून जुगुप्सा वाटते त्याच्यासाठीं शोक कोण करणार?

पण हें अटळ आहे असें आम्हांस वाटत नाहीं. त्याच पक्ष्यास वाल्मीकीनें जटायु केलें. वृद्ध शरीरानें रावणास आडवा येणारा, पंख छाटले गेल्यावरहि रामाची वाट पाहत प्राण धरून राहिलेला जटायु वाचतांना कोणास किळस येत नाहीं. राजा रविवर्मा यांनीं जटायुवधाचें चित्र काढिलें. त्यांत रावणाच्या तलवारीनें पंख तुटत असतां सीतेनें हातानें आपलें तोंड झांकून घेतलें आहे. वॉट्स यांच्या देवदूतानेंहि तसेंच तोंड झांकलें होतें. दोन देशांतल्या दोन चित्रकारांस पक्ष्याच्या दुःखासाठीं एकच अनुभाव सुचला. म्हणजे आलंबन जन्मतः सुंदर असावें लागतें असें नाहीं. कवि आणि चित्रकार तें तसें करूं शकतात.

सारांश इतकाच कीं, वन्यजीवरक्षणाच्या चित्राचें काम पाहणारास हलविण्याचें आहे व तें न्याय्य आहे. पण जेथें तें चित्र प्रमाणहि असतें तेथेंच त्याचें काम टिकतें. मथौराचीं पिलें टिकलीं, कारण त्यांच्यामागें खोटें पाडलें गेलेलें एक विधान होतें. आणि ज्या प्राण्यास गोल तोंड नाहीं, शुभ्र पीस नाहीं, पट्टे नाहींत, त्याच्यासाठीं चित्र काढण्याचें ऋण अजून फिटावयाचें आहे. आमच्या गांवावरचें आकाश रिकामें झालें तेव्हां कोणी छायाचित्र घेतलें नाहीं. रिकाम्या आकाशाचें छायाचित्र घ्यावें असें आमच्याहि मनांत आलें नाहीं.